महालाची टपरी

तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष २०१४ सालापर्यंत अंकारातल्या ज्या वास्तूत राहत, तिचं नाव चांकाया क्यॉश्कू. आपल्याकडे रेल्वे स्थानकावर किंवा बँकेच्या दारात ज्या यंत्राच्या पडद्यावर आपण बोटं आपटत उभे असतो, त्याचं नाव किऑस्क. शब्द एकच. एका टोकाला राष्ट्रप्रमुखाचं निवासस्थान आणि दुसऱ्या टोकाला पासबुक छापून देणारा डबा. या दोघांच्या मधे, युरोपातल्या शहरांच्या पदपथांवर, या शब्दाचं सगळ्यात देखणं रूप उभं आहे. हिरवा रंग, वर घुमट, चारी बाजूंनी टांगलेली मासिकं आणि त्यांच्या गर्दीतून जेमतेम चेहरा दिसणारा विक्रेता. पर्यटक त्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. शब्दांचा नाद असलेल्या माणसाला मात्र तिथून लवकर हलता येत नाही.

मूळ शब्द फारसी, कूश्क. अर्थ महाल, हवेली, बागेतला बंगला. हा शब्द युरोपात जाऊन टपरीवर बसण्याच्या कितीतरी आधी हिंदुस्थानात आला होता आणि इथे त्याचा थाट कायम राहिला. दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या आवारात फिरोजशहा तुघलकाच्या काळातली शिकारीची वास्तू आहे, तिला कुश्क महाल म्हणतात. तिथलाच कुशक रोड हा मंत्र्यासंत्र्यांच्या बंगल्यांचा रस्ता. चंदेरी म्हटलं की आपल्याला साड्या आठवतात, पण त्याच गावाबाहेर माळव्याच्या महमूद खिलजीनं १४४५ च्या सुमारास बांधवलेला भव्य कोशक महाल आहे. कूश्क म्हणजे महाल, तेव्हा कोशक महाल म्हणजे झाला 'महाल महाल'. परक्या शब्दाचा अर्थ विसरला की माणसं त्याच्या शेजारी घरचा शब्द नेऊन ठेवतात. पोर्तुगीज 'पाव' म्हणजेच रोटी, तरी आपण पावरोटी म्हणतोच.

फारसीतून तुर्कीत जाताना कूश्कचं क्यॉश्क झालं आणि अर्थानंही थोडी कूस बदलली. उस्मानी सुलतानांच्या लेखी क्यॉश्क म्हणजे मुख्य राजवाड्यापासून वेगळी, बागेत सुटी उभी असलेली छोटेखानी वास्तू. इस्तंबूलचा चिनिली क्यॉश्क १४७२ चा, फरशांच्या निळ्या नक्षीचा. तोपकापी राजवाड्यातला बगदाद क्यॉश्क चौथ्या मुरादनं बगदादच्या विजयाप्रीत्यर्थ बांधला, १६३९ मध्ये. बाहेर निघालेले रुंद छज्जे, चहूकडे खिडक्या आणि खिडक्यांना लागून बैठका. इथे कामकाज चालत नसे. इथे बसायचं, वारा घ्यायचा आणि बाहेर बघायचं. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज वकिलाची पत्नी. तिनं १७१७ मध्ये तुर्कस्तानातून लिहिलेल्या पत्रात अशा एका क्यॉश्कचं वर्णन केलं आहे. बागेच्या मध्यावर, काही पायऱ्या चढून जायचं, भोवती सोनेरी जाळ्या आणि त्यांवर चढलेले जाई-द्राक्षांचे वेल.

या वास्तूची तीन लक्षणं ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. सुटी उभी, डोक्यावर छप्पर आणि सगळ्या बाजूंनी मोकळी. पुढे सुलतान गेला, सोनं गेलं, जाई गेली. ही तीन लक्षणं मात्र शब्दाच्या मागोमाग थेट पदपथापर्यंत आली.

युरोपात शब्द शिरला तो इटालियनमध्ये किओस्को आणि फ्रेंचमध्ये किऑस्क होऊन. आधी प्रवाशांच्या लेखणीत आणि मग श्रीमंतांच्या बागांत. पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लास लेश्चिन्स्की याला काही काळ बेंडेर इथे तुर्कांच्या मुलखात काढावा लागला होता. नंतर तो लॉरेनचा ड्यूक झाला. तेव्हा त्यानं ल्युनेव्हिलच्या आपल्या बागेत वास्तुविशारद एमान्युएल एरेकडून एक किऑस्क बांधून घेतला. साल १७३८. राज्य गेलं, पण तुर्की बैठकीची चटक गेली नाही. सरदारांच्या बागांचं हे वेड एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक उद्यानांत उतरलं आणि बँडवाल्यांसाठी अष्टकोनी छत्र्या उभ्या राहिल्या. फ्रेंचमध्ये त्या 'संगीताच्या किऑस्क'. राजाची बसण्याची जागा रविवारी दुपारी पितळी वाद्यांच्या ताब्यात आली.

तिथून रस्ता दोन पावलांवर होता. बॅरन ओसमाँ जुनं पॅरिस पाडून रुंद हमरस्ते, म्हणजे बुलव्हार, आखत होता आणि त्या बुलव्हारांवर काय उभं राहावं हे गाब्रिएल दाव्यू नावाचा वास्तुविशारद ठरवत होता. बाकं, जाळ्या, कारंजी, सगळं त्याच्या हातचं. साँ-मिशेलचं प्रसिद्ध कारंजंही त्याचंच. १८५७ पासून वर्तमानपत्रांचे किऑस्क बुलव्हारांवर उभे राहू लागले. गर्द हिरवा रंग, टोकाला घुमट, घुमटाखाली नक्षीची झालर. त्या घुमटात बारकाईनं पाहिलं तर इस्तंबूलच्या बागेची पुसट आठवण सापडते. बाहेरच्या अंगाला नाटकांच्या आणि साबणांच्या जाहिराती. म्हणजे आत वर्तमानपत्रं विकली जात आणि भिंती जाहिरातदारांना विकल्या जात. आजही पॅरिसच्या किऑस्कचं गणित याच दोन उत्पन्नांवर चालतं आणि आजही हे किऑस्क विक्रेत्याच्या मालकीचे नसतात. २०१६ मध्ये मताली क्रासे या रचनाकर्तीनं केलेलं किऑस्कचं नवं, सपाट रूप जाहीर झालं, तेव्हा हजारो पॅरिसकरांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि रचनेत फेरफार करावे लागले. वर्तमानपत्र विकत न घेणारेही घुमटासाठी भांडले.

आता खरी गंमत. हा सुटसुटीत शब्द हाताशी असूनही युरोपातल्या अनेक शहरांनी आपल्या पेपरच्या टपरीला वेगळंच नाव दिलं. ही नावं एकेक करून उलगडली की कोणत्या गावानं या टपरीकडे काय म्हणून पाहिलं ते कळतं.

इटलीत तिला म्हणतात एदिकोला. लॅटिन 'एदेस' म्हणजे घर किंवा देऊळ आणि त्याचं लघुरूप 'एदिक्युला'. प्राचीन रोमन घरांत कुलदेवतांसाठी भिंतीला लागून जे छोटं खांब-छपराचं देवघर असे, ते एदिक्युला. मराठीत याला तंतोतंत जुळणारा शब्द आहे, देवळी. देवकुलाचं देऊळ झालं, देवळाची देवळी झाली आणि देवळी म्हणजे भिंतीतला दिव्याचा कोनाडा. इटालियनमध्ये आजही एदिकोलाचे दोन अर्थ नांदतात. गल्लीच्या कोपऱ्यावरची मेरीमातेची देवळी आणि चौकातली पेपरची टपरी. नेपल्समध्ये पहिल्या अर्थाच्या एदिकोला पावलोपावली आहेत आणि त्यामागे एक चतुर पाद्री आहे. अठराव्या शतकात तिथल्या अंधाऱ्या गल्ल्यांत दिवे लावले की चोर ते फोडत. फादर रोक्को यांनी लोकांना कोपऱ्याकोपऱ्यावर मेरीच्या देवळ्या उभारायला आणि त्यांपुढे दिवे तेवत ठेवायला लावलं. देवापुढचा दिवा फोडायला चोराचा हात धजेना आणि नेपल्सच्या रस्त्यांवर फुकटात उजेड पडला. पुढे खांब-छपराच्या त्याच आकारात पेपरवाला बसला, म्हणून नावही तेच राहिलं. आजही त्या देवळीत 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' हे क्रीडापत्र आपल्या गुलाबी कागदामुळे लांबूनच ओळखू येतं.

ग्रीकांनी तर थेट महामंदिराचं नाव घेतलं. पेरिप्तेरो. ज्या देवळाच्या चारी बाजूंनी खांबांची रांग फिरते, ते प्राचीन वास्तुशास्त्रात पेरिप्तेरोस. अथेन्सचं पार्थेनॉन याच जातीचं. त्याच अथेन्सात, पार्थेनॉनच्या टेकडीखाली, दीड-दोन माणसं मावतील एवढ्या पिवळट खोक्याला पेरिप्तेरो म्हणतात. जवळ जाऊन पाहिलं तर नाव खोटं वाटत नाही. मधे छोटी खोली, तिच्या चारी अंगांनी पसरलेल्या कापडी झडपा, झडपांखाली शीतपेट्या, पाण्याच्या बाटल्या, च्युइंगगम, सिगारेटी आणि दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्यासारखी आजची वर्तमानपत्रं. सकाळी या दोरीपुढे माणसं हात पाठीमागे बांधून उभी असतात. मथळे वाचतात, सरकारला दोन शब्द सुनावतात आणि पेपर न घेता कामाला जातात.

या नावाची फोड केली की आपल्या घरापर्यंत वाट येते. 'पेरि' म्हणजे भोवती, आणि हा संस्कृत 'परि'चा सख्खा भाऊ. 'प्तेरॉन' म्हणजे पंख. तो उडणे या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून आला, त्याच धातूपासून संस्कृत 'पत्' आणि त्यातून 'पत्र' आला. पत्र म्हणजे आधी पंख, मग झाडाचं पान, मग लिहिण्याचं पान, मग चिठ्ठी, आणि सगळ्यात शेवटी वृत्तपत्र. म्हणजे अथेन्समध्ये पेरिप्तेरोवर वृत्तपत्र टांगलं जातं तेव्हा एकाच धातूची दोन नातवंडं एका दोरीवर लोंबत असतात. आणि पेरिप्तेरो हा शब्द घटकांनुसार मराठीत मांडायचा झाला तर होईल 'परिपत्र'. सरकारी कचेरीत ज्याचं 'परिपत्रक' निघतं, तेच.

अर्थाच्या दृष्टीनं हा योगायोग, पण फार नेमक्या जागी पडलेला. कारण पेरिप्तेरो खरोखरच सरकारी कागदातून जन्मलं. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या युद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांना पोटापाण्यासाठी ग्रीक सरकारनं या टपऱ्यांचे परवाने दिले. पाय गमावलेल्या माणसाला बसून करता येईल असा धंदा. वर्दळीच्या कोपऱ्यावरची जागा हीच त्याची पेन्शन.

ऑस्ट्रियात हे आणखी उघडपणे दिसतं. व्हिएन्नात वर्तमानपत्र घ्यायला जायचं ते ट्राफिकमध्ये. इंग्रजीत वाहनांच्या गर्दीला जे म्हणतात तोच हा शब्द, पण इथे त्यानं आपला जुना अर्थ सोडलेला नाही. इटालियन 'त्राफिको' म्हणजे देवघेव, व्यापार. दुसऱ्या जोसेफ सम्राटानं १७८४ मध्ये तंबाखूचा मक्ता सरकारकडे घेतला आणि तंबाखू विकण्याचे परवाने कोणाला द्यायचे हे दरबाराच्या हाती आलं. ते बरेचसे जखमी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना मिळाले. आजही ट्राफिकचा परवाना देताना अपंग व्यक्तींना पहिला मान असतो. ट्राफिकांत किंवा ट्राफिकांतिन, म्हणजे ट्राफिक चालवणारा किंवा चालवणारी, सिगारेटींबरोबर तिकिटं आणि वर्तमानपत्रं विकतात. आपल्याकडे अपंगांना दिलेले पीसीओचे बूथ ज्यांनी पाहिलेत, त्यांना यातलं तर्कशास्त्र समजावून सांगायला नको.

ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडलं, पण शब्द वारसदारांनी वाटून घेतला. हंगेरीत, चेक भूमीत, बाल्कन देशांत तो आहेच. चेकमध्ये मात्र त्याला एक झकास टोक फुटलं. 'राजकीय त्राफिका' म्हणजे पक्षाची सेवा केल्याबद्दल बक्षीस म्हणून मिळालेली गलेलठ्ठ खुर्ची. निवडणूक हरलेल्या नेत्याची महामंडळावर वर्णी लागली की आपण जे म्हणतो, ते प्रागमध्ये दोन शब्दांत म्हणता येतं. सम्राटानं लंगड्या शिपायाला दिलेली तंबाखूची टपरी कुठे आणि ही खुर्ची कुठे! पण शब्दाची स्मरणशक्ती पाहा. वरून मिळालेली जागा, हा अर्थ त्यानं बरोबर धरून ठेवला.

जर्मनीत, विशेषतः ऱ्हूरच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यात, अशा टपरीचं नाव ट्रिंकहाले. शब्दशः पिण्याचं दालन. नळाचं पाणी भरवशाचं नव्हतं, म्हणून कामगार बिअर आणि दारूकडे वळत. त्यांना स्वच्छ खनिजपाणी मिळावं म्हणून एकोणिसाव्या शतकात कारखान्यांच्या आणि खाणींच्या वाटेवर या पाणपोया आल्या. फ्रँकफर्टमध्ये त्यांना अजून लाडानं 'पाणघर' म्हणतात. पुढे त्या पाणघरात बिअरही आली, पेपरही आला आणि पोरांसाठी सुट्या गोळ्यांच्या बरण्याही आल्या. ज्या बिअरपासून कामगाराला दूर ठेवायचं होतं, तीच आज तिथे सर्रास विकली जाते. नाव मात्र अजून पाण्याचंच.

पोलंडनं किऑस्क हा शब्द घेतला, पण त्याला एक आडनाव जोडलं, रूख. पोलिशमध्ये रूख म्हणजे हालचाल, रहदारी. १९१८ मध्ये रेल्वे स्थानकांवर पुस्तकं विकण्यासाठी निघालेल्या कंपनीचं हे नाव. कम्युनिस्ट राजवटीत गावोगावच्या टपऱ्या रूखच्याच झाल्या. तिथे पेपर, बसची तिकिटं, साबण, दाढीची पाती, सगळं मिळे. म्हणजे माल आला असेल तर. चांगली साप्ताहिकं मोजकीच येत, आणि त्यातून 'तेचका' नावाची प्रथा पडली. तेचका म्हणजे पुठ्ठ्याची फाइल. टपरीवाल्या बाईशी घरोबा असेल तर ती गल्ल्याखाली तुमच्या नावाची फाइल ठेवी आणि आलेले अंक गुपचूप तिच्यात सरकवी. संध्याकाळी कामावरून परतताना खिडकीशी वाकायचं, नाव सांगायचं, फाइल घ्यायची. राज्ययंत्रणेनं बांधलेल्या खोक्यात एका बाईनं आपल्या मर्जीचं छोटं राज्य थाटलेलं असे. तिला दुखवून मोहल्ल्यात राहणं अवघड.

इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या किऑस्कची परंपरा बेताची, पण शब्दानं तिथेही एक अजरामर जागा पटकावली. लाल टेलिफोन बूथच्या नमुन्यांची अधिकृत नावं के-२, के-६ अशी आहेत आणि त्यातला 'के' म्हणजे किऑस्क. सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांचा के-६ हा १९३५ चा. त्याच्या माथ्यावर राजमुकुट कोरलेला आहे. छप्पर छोटं, पण कोणाच्या सत्तेखाली उभं आहे ते सांगून टाकणारं.

युगोस्लाव्हियात दुसरा एक 'के' गाजला. स्लोव्हेनियाचा रचनाकार साशा मेख्तिग यानं १९६६ मध्ये फायबरग्लासचा, गोलसर कडांचा, एकाला एक जोडता येणारा किऑस्क काढला, के-६७. कारखान्यातून तयार होऊन ट्रकवरून यायचा आणि सकाळी उठून पाहावं तर चौकात लाल टपरी हजर. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९७० मध्ये तो आपल्या संग्रहात घेतला. संग्रहालयात कलाकृती, रस्त्यावर पेपर आणि गरम सॉसेज.

ही सगळी नावं शेजारी शेजारी मांडली की एक गोष्ट ठळक होते. महाल, देवळी, खांबांचं मंदिर, व्यापार, पाणपोई, रहदारी. यात वर्तमानपत्र कुठेच नाही. ज्या जिनसेमुळे आपण या टपऱ्या ओळखतो, तिचा नावात मागमूस नाही. वर्तमानपत्र हे या घराचं भाडेकरू होतं, मालक कधीच नव्हतं. मालक होता परवाना देणारा: सुलतान, ड्यूक, सम्राट, नगरपालिका किंवा पक्ष. जागा सार्वजनिक असल्यामुळे मेहेरनजर कोणावर झाली यावर कोण आत बसणार हे ठरे. पर्यटकाला जे मोहक दिसतं, तो एकसारखा हिरवा रंग, ठराविक घुमट, ठराविक अंतर, ते नियमांचं फळ आहे. आतला माणूस तेवढा नियमाबाहेरचा.

वर्तमानपत्राच्या बाजूनंही हीच गोष्ट उलट्या दिशेनं घडली. व्हेनिसमध्ये 'गाझेत्ता' नावाचं हलकं नाणं होतं आणि सोळाव्या शतकात बातम्यांचा कागद या नाण्यात मिळे. नाण्याचं नाव कागदाला चिकटलं, ही सर्वमान्य व्युत्पत्ती. कोणी त्यात 'गाझ्झा', म्हणजे बडबड्या मॅगपाय पक्षीही पाहतात. १६३१ मध्ये पॅरिसला तेओफ्रास्त रनोदोनं राजाच्या आशीर्वादानं 'गाझेत' काढलं आणि शब्द राजदरबारी गेला. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला तो सरकारी राजपत्र होऊनच. गॅझेटेड अधिकाऱ्याची सही, जिल्ह्याचं गॅझेटियर, आणि अलीकडे आरक्षणाच्या वादात गावोगाव पोचलेलं हैदराबाद गॅझेट. चिल्लर नाण्याचं नाव सरकारी शिक्क्यापर्यंत चढलं आणि महालाचं नाव टपरीपर्यंत उतरलं. दोन शब्दांची गाठ पडली ती जिन्याच्या मधल्या पायरीवर, पेपरच्या खिडकीशी.

तुर्कांनी मात्र या सगळ्या उलाढालीत आपला शब्द बाटू दिला नाही. इस्तंबूलमध्ये क्यॉश्क म्हणजे अजूनही हवेलीच. रस्त्यावरच्या टपरीला ते म्हणतात ब्युफे. हा शब्द त्यांनी घेतला फ्रेंचांकडून. शब्दांची फिट्टंफाट.

छापील पेपरचा खप घटला तशा युरोपातल्या पुष्कळ टपऱ्यांची दारं बंद झाली. ज्या टिकल्या त्या भाडेकरू बदलून. पॅरिसचे किऑस्क आयफेल टॉवरच्या कीचेन आणि छत्र्या विकतात. इटलीतल्या काही एदिकोलांत कुरिअरची पाकिटं घ्यायला माणसं येतात. लिस्बनमध्ये कातारिना पोर्तास यांनी २००९ पासून मोडकळीला आलेले जुने किऑस्क दुरुस्त करून तिथे 'कापिले'सारखी विस्मरणात गेलेली सरबतं पुन्हा विकायला सुरुवात केली. जुन्या वळणाच्या वाचकाला हे बघून वाईट वाटतं, पण नावांचा इतिहास पाहता तक्रारीला जागा नाही. पाणघरात बिअर चालली, देवळीत गुलाबी क्रीडापत्र चाललं, तर किऑस्कमध्ये सरबत का चालू नये?

बिनसलं आहे ते दुसरीकडे. बागेतल्या क्यॉश्कपासून पोलंडच्या खिडकीपर्यंत या शब्दाच्या आत नेहमी कोणीतरी बसलेलं होतं. आधी राजा, मग बँडवाला, मग पाय गमावलेला शिपाई, मग फाइल सांभाळणारी बाई. मराठीत किऑस्क शब्द रुळला तो नेमका या साखळीची शेवटची कडी निखळल्यावर. आपल्या किऑस्कच्या आत कोणी नाही. तिथे उधारी होत नाही, सरकारला शिव्या घालता येत नाहीत आणि 'आज आला नाही का अंक?' असं विचारता येत नाही. ज्या जागी हे तिन्ही होतं तिला आपण टपरी म्हणतो. तेव्हा शब्दकोशात काहीही छापलेलं असो, किऑस्कचं खरं मराठी भाषांतर टपरी हेच आहे, आणि रेल्वे स्थानकावरच्या त्या डब्यासाठी नवं नाव शोधायला हवं.